चतुर्थीची बाजू

मित्रांनो, ही गोष्ट सन दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात घडली. तेव्हा राजनंदिनीने दहावीची परीक्षा दिली होती आणि तिची धाकटी बहीण छकुली हिने पाचवीची. ती सांगण्याआधी माझी ओळख करून देते.

मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दुकानातली. राजूरच्या गणपतीला जाताना पायऱ्यांच्या अलीकडे नारळ-हारांची दुकाने लागतात, त्यांतल्या एका दुकानाच्या दारावर मी टांगलेली असे. एका मोडक्या दाराच्या फळीतून भोकरदनच्या कचरू सुताराने मला घडवले. त्याने मला इतके रंधले की अंगावर एक कुसळ राहिले नाही. मग काळा रंग चढला, वर दोन कड्या बसल्या आणि दुकानाच्या मालकांनी, शिवाजीरावांनी, मला खांद्यावरून राजूरला आणले. त्या दिवशी माझ्यावर नारळाचा भाव दोन रुपये लिहिला होता. आता ते सांगितले तर मुले हसतात.

मला दोन तोंडे आहेत. एका बाजूला रोजचा भाव, दुसऱ्या बाजूला चतुर्थीचा. महिनाभर मी रोजच्या बाजूने लोकांकडे बघे. संकष्टी आली की मला उलटे टांगत. त्या दिवशी बाहेरगावच्या जीपगाड्या पहाटेपासून येत, जालन्याच्या बाजारात फूल महागे आणि नारळ-हार-दुर्वांचे ताटही पन्नासाचे सत्तर होई. मला त्यात कधी वावगे वाटले नाही. पाटीने वाटून तरी काय करायचे!

शिवाजीरावांच्या मागे दुकान त्यांच्या मुलाकडे, भुजंगकडे आले. भुजंगची बायको नंदाबाई हार ओवी. माझ्यावर लिहिण्याचे काम मात्र त्यांच्या थोरल्या मुलीचे, राजनंदिनीचे. तिचे अक्षर गोल, वळणदार. दर संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी ती मला ओल्या फडक्याने पुसून नवा भाव लिही. हात खडूने पांढरे झाले की छकुलीच्या गालाला पुसून पळून जाई.

त्या मे महिन्यात नंदाबाईचा भाऊ पप्पू दुकानात आला. जाफराबादला त्याचे ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान आहे. राजनंदिनीला दहावीनंतर लातूरला वसतिगृहात ठेवायचे ठरले होते. छकुलीने हट्टच धरला होता की ताई जाण्याआधी मुंबईकडच्या त्या मोठ्या पार्कात जायचे. पाळणे, घसरगुंड्या, लाटांचे पाणी, सगळे तिने फोनवर पाहिले होते. "ताई गेल्यावर मंग मी कोणासंगं जाऊ?" एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारी.

पप्पूने फोन पुढे धरला. त्यात कॅलेंडर होते. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली तिथी असते. ह्या कॅलेंडरात तारखेखाली भाव होता. रविवारी चौदाशे, शनिवारी तेराशे, बुधवारी नऊशे.

भुजंग उसळला. "त्योच पाळणा, त्येच पाणी, आन रविवारी पाचशे जास्त? पप्पू, ह्ये तर दिवसाढवळ्या लुटून राह्यले!"

"दाजी, गर्दी आसती ना त्या दिवशी."

"गर्दी आसली म्हणून काय पाणी जास्त वल्लं व्हतं का?"

राजनंदिनी खडू खाली ठेवून हसली. "अण्णा, जरा आपली पाटी उलटी करून बघा."

नंदाबाई फिस्सकन हसली.

"आगं, आपलं येगळं हाये," भुजंग म्हणाला. "चतुर्थीला हारच महाग येतो."

"त्यांचं बी काही महाग येत आसल," पप्पू म्हणाला.

"तू मेहुणा हायेस का त्यांचा वकील?"

अशी थट्टामस्करी झाली आणि ठरले की जिथे भाव कमी, तिथे आपला वार. पप्पूने तिकिटे काढायचे कबूल केले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दहावीचा निकाल लागला. राजनंदिनी चांगल्या गुणांनी पास झाली. शुक्रवारी, नऊ तारखेला लातूरला हजर व्हा, असा निरोप आला. दुसऱ्याच दिवशी पप्पू चार तिकिटांचे कागद नाचवत आला. "सात जून! समद्यात सस्ता दिवस! रातची गाडी, दिवसभर पार्क, आठला सकाळी घरी. बराबर जमतंय."

छकुली दुकानभर उड्या मारू लागली. नंदाबाईने कागद हातात घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि हळूच खाली बसली.

"पप्पू, सातला संकष्टी हाये."

पप्पूने तारीख पाहिली होती, तिथी पाहिली नव्हती. जाफराबादला राहणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही. पार्काचा बुधवार रिकामा म्हणून स्वस्त होता. आमचा तोच बुधवार महिन्यातला सगळ्यात भरलेला होता. चाळीस वर्षांत संकष्टीला हे दुकान एकदाही बंद राहिले नव्हते.

"बदल ना मंग," भुजंग म्हणाला.

"पुढं ढकलता येतं दाजी, मागं न्हाई. आन पैसे वापस न्हाई देत ते."

पुढे तर लातूर होते. छकुलीच्या ध्यानात आले. ती रडली नाही. कोपऱ्यात बसून दुर्वांच्या जुड्या बांधू लागली. एकवीस मोजायच्या त्या कधी अठरा, कधी पंचवीस होत होत्या, आणि तिला कोणी टोकत नव्हते.

"तुम्ही घेऊन जा पोरींना," नंदाबाई म्हणाली. "मी बसते दुकानात."

"न्हाई," राजनंदिनी म्हणाली. "आई दर येळेस मागंच राहती. आई येत नसल तर मी बी जात न्हाई."

भुजंगने बराच वेळ नारळाच्या शेंड्या सोलल्या. शेवटी म्हणाला, "तुम्ही मायलेकी जा. माझ्या तिकिटावर पप्पू येईल. चूक त्यानं केली, पाळण्यात बी त्यानंच बसावं."

"आन हार कोण ववील?"

"म्या ववतो."

"तुम्हाला सुईचं भोक दिसतं का?"

"दिसंल. जल्दी तयारीला लागा, न्हाई तर माझं मन पलटायचं."

छकुलीच्या हातातली जुडी सुटली आणि दुर्वा भुईवर पसरल्या. त्या तशाच टाकून ती बापाच्या पाठीला बिलगली.

सहा तारखेच्या संध्याकाळी राजनंदिनीने नेहमीप्रमाणे मला खाली काढले. आधी एक बाजू धुतली, मग दुसरीही धुतली. तसे ती कधी करत नसे. दोन्ही बाजूंना सावकाश लिहिले, मला टांगले आणि पिशवी घेऊन सगळ्यांबरोबर बसस्टँडकडे गेली. तिने काय लिहिले ते मला माझ्या अंगावर कळत होते. पण पाटीला बोलता कुठे येते?

पहाटे भुजंगने दुकान उघडले. उपास होता, त्यामुळे चहावरच उभा होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "येडी पोरगी, उलटी करायची इसरली." त्याने मला उलटे केले. पन्नास. पुन्हा उलटे केले. पन्नासच.

तो माझ्यापुढे तसाच उभा राहिला. मग ओले फडके उचलून माझ्याजवळ आणले. तेवढ्यात धावडा गावचे धुळाजी आले. हे म्हातारे धनगरबाबा खांद्यावर घोंगडी टाकून दर संकष्टीला पहिल्या जीपने येत.

"भुजंगराव, आज काय भाव?"

फडके माझ्या कडेला टेकले होते. त्यातले पाणी माझ्यावरून खाली ओघळले, ते मला अजून आठवते. भुजंगने त्या गोल अक्षरांकडे पाहिले. परवा ती अक्षरे लातूरला जाणार होती.

"पाटीवर हाये त्योच," तो म्हणाला आणि फडके खुंटीला टाकले.

शेजारच्या दुकानातून तातेराव ओरडले, "भुजंगा, भांग पेलास का? आम्हाला बी भाव उतरवायला लावतोस!"

"पोरीला इचारा, उद्या आल्यावर!"

त्या दिवशी मोठा नफा झाला असे मी म्हणणार नाही. हार महागच आले होते. भुजंगने ओवलेल्या हारांत फुले कमी आणि दोरा जास्त होता, तेही लोकांनी पन्नासाला नेले. दुपारी नारळ संपले.

आठ तारखेला सकाळी चौघे परतले. छकुली कोणाला बोलूच देईना. "अण्णा, गर्दीच नव्हती! मी आन ताई येकाच पाळण्यात सात येळेस बसलो, कोणी उठवतच न्हाई! पप्पूमामा येकदाच बसला आन मंग दिवसभर डोकं धरून होता!" नंदाबाई लाटांच्या पाण्यात बसली ती दोन तास उठली नव्हती. संकष्टीला ती अशी पाय पसरून बसल्याचे मी तरी कधी पाहिले नव्हते. उपास तिने गाडीच्या खिडकीतून चंद्र पाहून सोडला होता.

राजनंदिनी मात्र माझ्याकडे आणि बापाकडे चोरून बघत होती. भुजंग नारळांचे पोते सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "अक्षर जरा मोठं काढत जाय. लांबून दिसत न्हाई."

ती एवढी हसली की तिला खोकला आला. दुसऱ्या दिवशी ती लातूरला गेली.

पुढच्या संकष्टीला भुजंगने स्वतः लिहिले, वेडेवाकडे. साठ. ना पन्नास, ना सत्तर. तेव्हापासून तो कोणाच्या भावाला लूट म्हणाला नाही.

राजनंदिनी बारावी करून आता नर्सिंगच्या कॉलेजात आहे. सुट्टीत तिला कधी ड्यूटी असते, कधी परीक्षा. दोघी बहिणींना पुन्हा एकत्र कुठे जाता आलेले नाही. छकुली आठवीत गेली, उंचीने आईला टेकली. पप्पूने दुकानात तिथीचे कॅलेंडर टांगले आहे आणि गिऱ्हाइकांना तो मुहूर्तही सांगतो, पुष्कळदा चुकीचा. धुळाजी गेल्या वर्षी वारले. त्यांचा नातू मोटारसायकलवर येतो, पण दुपारून. तातेरावांनी दुकान मुलाच्या हवाली केले. नंदाबाई अजून हार ओवते. भुजंगने चष्मा घेतला.

आणि माझे काय? गेल्या दिवाळीला दुकानावर छापील फलक लागला. मी आता मागच्या खोलीत माठाखाली आहे. तक्रार नाही. काम आहे, सोबत आहे, उन्हाळ्यात गारवा आहे.

मित्रांनो, कोणता दिवस स्वस्त आणि कोणता महाग, हे पाटी सांगते, फोनही सांगतो. ते जरूर बघा. पण आपल्या घरातल्या माणसाला कोणता दिवस मोकळा आहे, हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याला विचारावे लागते, आणि वेळेवर विचारावे लागते. आणखी एक म्हातारीचे मागणे आहे. घरातल्या जुन्या लाकडाला अधूनमधून ऊन दाखवत जा. ओल धरली की आम्ही आतून फुगतो, आणि बाहेरून ते कोणाला दिसत नाही.