सोळा पानांची साथ

बाईंचं काम पानं उलटायचं. पियानो वाजवणारा समोरच्या वहीत बघून वाजवतो आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. तेव्हा बाईंनी त्याच्या डावीकडे बसायचं, वहीवर नजर ठेवायची आणि पान संपायच्या जरा आधी अर्धवट उठून, वरचा कोपरा चिमटीत धरून ते अलगद उलटायचं. सभागृहात बावीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. हातात काही घालायचं नाही, अत्तर लावायचं नाही, शिंकायचं तर नाहीच. टाळ्या पडताना आपण तिथे होतो हे कुणाच्या ध्यानातही येऊ नये, इतक्या त्या बेमालूम बसत, आणि याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

अशा बाईंच्या वाट्याला एके संध्याकाळी भटक्या आला.

भटक्या जॅझ वाजवायचा. हे नाव त्याला साथीदारांनीच ठेवलेलं. ओळखीची एखादी धून धरायची, दोन मिनिटांत तिचा हात सोडून गल्लीबोळांत शिरायचं आणि तिथेच रमायचं, अशी त्याची तऱ्हा. ऐनवेळी सुचेल ते वाजवण्यात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. थांबायचं कुठे, एवढंच त्याला सुचत नसे. त्याच्या चार रेकॉर्डी निघाल्या होत्या आणि चारही मध्येच तुटल्या होत्या, कारण तबकडीची बाजू संपायची, भटक्या संपायचा नाही. लोक त्या खराब आहेत म्हणून दुकानात परत आणून देत.

"वही द्या," बाई म्हणाल्या.

"वही नाही. मी मनाचं वाजवतो."

"मग मी काय उलटू?"

सभागृहाचा व्यवस्थापक तिथेच होता. "पियानो वाजणार म्हणजे बाई बसणार," तो म्हणाला. "नियम आहे."

भटक्या भिडस्त माणूस. बाईंना नुसतं ताटकळत बसवायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने पिशवी चाचपली. त्याच दिवशी बहिणीसाठी वॉशिंग मशीन घेतलं होतं, त्याची माहितीपुस्तिका हाती लागली. ती त्याने पियानोवर उभी केली. "हे चालेल?"

बाईंनी पानं मोजली. "सोळा. चालेल."

कार्यक्रम सुरू झाला. समोर पाण्याची नळी कशी जोडावी याचं चित्र, आणि भटक्या डोळे मिटून कुठल्या कुठे पोचलेला. दहा मिनिटांत बाईंचे हात शिवशिवायला लागले. वाजवणं कधी भरात आलंय आणि कधी नुसतं घोळतंय, हे त्यांच्या कानांना पक्कं कळत होतं. एका जागी त्यांना स्वच्छ वाटलं, हे पान संपलं. त्या अर्धवट उठल्या आणि त्यांनी ते उलटलं. गुळगुळीत कागद सर्रकन वाजला. भटक्या दचकला, आपलं काहीतरी संपलं असावं असं समजून त्याने ती गल्ली सोडली आणि दुसरी धरली.

असं सोळा वेळा झालं. शेवटी बाईंनी पुस्तिका मिटली आणि भटक्याने हात उचलले. ड्रमवाल्याने घड्याळ पाहिलं, मग ते चालू आहे का म्हणून कानाला लावलं.

"अकरा वर्षं यांच्याबरोबर वाजवतोय," तो बाईंना म्हणाला. "शेवट आज पाहिला."

पाचव्या रेकॉर्डीच्या वेळी भटक्याने बाईंना स्टुडिओत नेलं. ध्वनिमुद्रक काचेमागून म्हणाला, "काहीतरी सर्रसर्र ऐकू येतंय."

"पान," बाई म्हणाल्या.

"आवाज न करता उलटता येईल का?"

बावीस वर्षांत बाईंना हे कोणी विचारलं नव्हतं. शब्द त्यांना लागला. दुसऱ्या दिवशी मऊ फलालीनची सोळा पानं शिवून घेऊन आल्या. पहिलं पान उलटलं ते मुंगीलाही कळलं नाही. भटक्यालाही कळलं नाही. त्याचे डोळे मिटलेले. बाई उलटत राहिल्या, पाचवं, नववं, चौदावं, आणि तो आपला पहिल्याच गल्लीत. टेप संपली.

ध्वनिमुद्रकाने कपाळाला हात लावला. "आणा ते वॉशिंग मशीन," तो म्हणाला.

रेकॉर्ड सर्रसर्र आवाजासकट निघाली आणि खपली. एका समीक्षकाने त्या आवाजाला झांजेवरचं अतिशय नाजूक काम म्हटलं आणि त्याचं श्रेय ड्रमवाल्याला दिलं. ड्रमवाल्याने ते घेतलं.

बाई भावाकडे राहायच्या. वहिनीने त्या परीक्षणाचं कात्रण दोनदा वाचलं. "वन्सं, यात तुमचं नाव कुठाय?"

"नसायलाच हवं," बाई म्हणाल्या.

पण रेकॉर्डीच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी त्यांचं नाव होतं, पानं उलटण्याबद्दल. वहिनीने रेकॉर्ड कपाटावर उलटी उभी केली. पुढच्या फोटोतला हसरा भटक्या भिंतीकडे तोंड करून राहिला.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. कार्यक्रम वेळेवर सुटू लागले, आमंत्रणं वाढली. मग एका दुपारच्या कार्यक्रमात बारावं पान आलं. भटक्या अगदी संथ वाजवत होता. एक सूर लावायचा, बराच वेळ जाऊ द्यायचा, मग दुसरा. घरात कुणीतरी काही शोधतंय आणि सापडायची घाई नाही, तसं. पान संपलं. बाईंना कळलं. त्यांनी कोपरा चिमटीत धरला आणि धरूनच राहिल्या.

भटक्याने कान टवकारले. आवाज आला नाही, म्हणून तो परत फिरून आला, पुन्हा थबकला, पुन्हा गेला. ड्रमवाल्याने भुवया उंचावल्या. पडद्याआडून व्यवस्थापक मनगटावर बोट आपटत होता. बाईंना सगळं दिसत होतं. हाताला मुंग्या येऊन बोटं ऐकेनाशी झाली, तेव्हा कुठे त्यांनी पान सोडलं. लोकांच्या दोन बसगाड्या चुकल्या, पण उठलं कोणी नाही. त्या दिवशी ध्वनिमुद्रण नव्हतं.

"पान विसरलात का?" भटक्याने नंतर विचारलं.

"नाही."

"मग?"

"वाचून झालं नव्हतं."

भटक्याने पियानोचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "उद्या तेच वाजवू का?"

"तुम्हाला जमणार नाही," बाई म्हणाल्या आणि पर्स काखेला अडकवून बसथांब्याकडे निघाल्या. भटक्यालाही ते पटलं.