बरोबर आहे, आई

सासूबाई एका पायात काळी आणि दुसऱ्यात तपकिरी चप्पल घालून घराबाहेर पडल्या. मागून चालणाऱ्या सुनेला ते उंबऱ्यातच दिसलं होतं. पण बोलणार कशी? त्या घरात सासूबाईंची चूक होत नसे. झालीच तर ती बाकीच्यांनी गिळायची असे. शेजारी कौतुकानं म्हणत, "वळण बघा पोरीचं. तोंडातून ब्र काढत नाही."

दोघी एकाच अतिदक्षता विभागात. सासूबाई मुख्य सिस्टर, सून नवी नर्स. त्या दिवशी शिरेतून द्यायच्या जोखमीच्या औषधांचं प्रशिक्षण होतं. नियम सोपा: एकीनं औषध तयार करून पंपावर वेग लावायचा, दुसरीनं डॉक्टरांनी लिहिलेलं स्वतः वाचून ताडून बघायचं, मगच 'बरोबर' म्हणायचं.

शिकवणाऱ्या मॅडमनी सासूबाईंच्या कानात सांगून रबरी पुतळ्याच्या पंपावर पोटॅशियमचा वेग मुद्दाम दहाऐवजी शंभर लावायला लावलं.

सुनेनं पाहिलं. "बरोबर आहे, आई."

पोटॅशियम धो धो गेलं. पुतळ्याच्या अलार्मनं बोंब ठोकली. त्याला वाचवायला धावलेल्या नर्सच्या हातात पुतळ्याचा हातच उपटून आला. सगळ्या हसून हसून बेजार.

"शंभर दिसलं नाही का गं?" मॅडमनी विचारलं.

"दिसलं की."

"मग?"

"आईंनी लावलं होतं ना."

हसू विरलं. सासूबाईंनी मान खाली घातली, तर तिथे चपला दिसल्या. सकाळपासून अख्ख्या वॉर्डानं त्यांना तशाच अवतारात नमस्कार केला होता.

दुपारी पुतळा नव्हता. खाटेवर खराखुरा माणूस होता, उशाशी त्याची आई, दाराशी बायको. सासूबाईंनी पोटॅशियम सलाईनमध्ये मिसळून पंपाला जोडलं. डोकं अजून सकाळच्या शरमेत, आणि बोटांना सकाळचाच आकडा लागलेला.

"तपास गं."

सून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"माझ्या तोंडावर काय लिहिलंय? पंप बघ."

तिनं कागद बघितला, पंप बघितला. 

"म्हण बरोबर. सुरू करायचंय मला."

"नाही म्हणणार." तिचा आवाज चिरकला. "दहाचे शंभर झालेत, आई. आणि हा पुतळा नाही."

सासूबाईंनी तापल्या तव्यावरून उचलावं तसं बटणावरचं बोट उचललं.

उशाशी बसलेली आई नाक मुरडत म्हणाली, "फार बोलते हो सून तुमची. चारचौघांत सासूची चूक काढतात का?"

"ती बोलली नसती तर तुमच्या लेकाचं हृदय बंद पडलं असतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना वर बघवेना. "आणि ते पाप माझं असतं. गप्प बसायला मीच शिकवलंय तिला."

दारातली बायको मघापासून तोंड उघडत होती आणि मिटत होती. सासूबाई तिच्याकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय का? यांच्या औषधांबद्दल?"

तिनं घाईनं होकारार्थी मान डोलावली. पण बोलण्याआधी तिनं उशाशी बसलेल्या आपल्या सासूकडे बघितलं.