सुगराबीचं निशाण

मी दिघीच्या खाडीवरचा सडा, जांभ्या दगडाचं उघडं सपाट पठार, बोलतोय. चौदा सालच्या लढाईने मला विमानतळ केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे.

सरकारने माझ्यावरची झुडपं तोडली, खड्डे बुजवले आणि वाटेवर एक बांबू रोवून त्यावर लांब, पोकळ कापडी पिशवी टांगली. अडलेलं विमान इथे उतरावं म्हणून. लढाई संपली, विमान आलं नाही. सरकार मला विसरलं.

तो बांबू रोवला होता वली नावाच्या मजुराने. पुढे तो लढाईच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि जहाजाबरोबर बुडाला. त्याच्या बायकोला, सुगराला, फुलं वाहायला कबरही मिळाली नाही. ती या बांबूपाशी येऊन बसू लागली. पिशवी विरली तेव्हा तिने वलीच्या लुंगीची तशीच नवी शिवून चढवली. पुढे दरवर्षी चढवू लागली. लोकांना वाटलं, पीराचं निशाण. ते चपला काढून मला ओलांडू लागले.

एकदा गावातला काळूराम पहार घेऊन आला. त्याला घरासाठी माझ्यातून चिरे काढायचे होते.

"आधी चपला काढ," सुगरा म्हणाली.

त्याने वर निशाणाकडे पाहिलं, चपला काढल्या आणि पहार घेऊन परत गेला.

बत्तीस साली, भर दुपारी, एक विमान खोकत खोकत खाडीवरून आलं. त्याने निशाणाभोवती घिरटी घातली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि ते माझ्यावर टेकलं. मी अंग ताठ धरलं होतं. सगळं गाव धावत आलं.

"पीराने वाचवलं!" काळूराम ओरडला.

"कसला पीर, बावा?" पारशी वैमानिक घाम पुसत हसला. "ही तर वाऱ्याची थेली! वारा कुठून येते, ते हिने मला सांगितला."

सगळे सुगराकडे वळले. तिने बांबू घट्ट धरला. पीरच नाही म्हटल्यावर आता पहारींना कोण अडवणार?

"सुगराबी, म्हंजे इतकी वर्सं आमी फुकट अनवाणी चाललो व्हय?" काळूरामने विचारलं.

"मी कवा म्हटलं पीर हाय? चपला काढ म्हटलं. माझ्या माणसाची जागा हाय ही."

काळूराम गडबडीत चपलांसकट धावत आला होता. त्याने खाली पाहिलं आणि त्या काढून हातात घेतल्या.

अजूनही विमान क्वचितच येतं. पण माझ्या अंगावर एक खड्डा नाही, आणि निशाण दरवर्षी नवं असतं. वरून जाणाऱ्यांनो, अडलात तर बेलाशक उतरा. वारा कुठला, ते सुगराबीचं निशाण सांगेल. खाली पाय ठेवताना मात्र बूट काढा.