कोंडलेली पात

"कोमे, पात सोडू नगं," अनिता वाकल्या वाकल्याच लेकीला म्हणाली.

कोमल भाताच्या रोपांची जुडी धरून उभी होती. पाण्यात आभाळ, आभाळात रोपं. त्यातली आपल्या वाट्याची ओळ, आपली पात कुठली आणि आईची कुठली, हे तिला उमगेपर्यंत साऱ्याजणी लावत लावत मागे सरकल्या होत्या.

सकाळीच तिच्या आजीने, रतनबाईंनी, बजावलं होतं, "आज बायांच्या बरोबरीनं लावली तर शाळा. न्हाईतर उद्यापास्नं गुरं."

"डोळं चांगलं हायेत म्हनलं डॉक्टर, आत्याबाई. बघितलेलं समजाया तिला येळ लागतो. घाई करू नका म्हनलं," अनिता सासूला म्हणाली होती.

"चष्मा न्हाई, औषिद न्हाई. मंग दुखनं कसलं?"

अनिता पोरीला घेऊन खाचराकडे निघाली होती.

आंदर मावळातल्या खाचरांत गाण्याच्या चालीवर हात चालतात. शेजारच्या पातीवरून सावित्राबाईने गाणं उचललं,

"पान्यामंदी पाय, बाई, कुनाची गं लेक?"

उत्तर धाकटीने द्यायचं. कोमलचे ओठ हलले. शब्द येईपर्यंत गाणं पुढच्या कडव्यावर गेलं आणि हसू बांधापर्यंत पसरलं.

जी रेंगाळते तिला कोंडायची इथली रीत. दोन्ही बाजूंच्या बाया तिच्या पाठीमागे रोपं लावून वाट बुजवतात. तिने हात जोडले की सोडतात. कोमलच्या एका बाजूला सावित्राबाई होती, दुसऱ्या बाजूला अनिता.

"लाव की गं," सावित्राबाई म्हणाली. "माझ्या सुनंला कोंडली तवा लय हसलीस. आता लेक हाय व्हय?"

रतनबाई बांधावरून बघत होत्या. अनिताने पोरीच्या चिखलभरल्या पोटऱ्या पाहिल्या, मान खाली घातली आणि त्यांच्यामागे रोप खोवलं. मग दुसरं. वाट मिटली.

कोमल वळली. जिकडेतिकडे हिरवं. हात जोडायचं तिला सुचलं तोवर बाया भाकरी खायला बांधावर गेल्या होत्या. ती तिथेच वाकली आणि हातातली जुडी लावू लागली, एकेक रोप, जपून.

"ऱ्हाऊ दे तिला तितंच," रतनबाई म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी पोरं शाळेला गेली आणि कोमल गुरांमागे डोंगराला. बाया पुन्हा खाचरात वाकल्या. गाणं अजून कुणी उचललंही नव्हतं. तेवढ्यात गुरांच्या घंटांआडून, उतारावरून, कालचं उत्तर आलं. स्वच्छ. एकही शब्द न चुकता.

"मावळाच्या मातीची गं, लाखामंदी येक."

कुणी हसलं नाही. हातही थांबले नाहीत. फक्त अनिताचा हात चिखलात तसाच राहिला. दोन्ही बाजूंच्या बाया मागे सरकत गेल्या, आणि तिच्या पाठीमागे पहिलं रोप खोवलं गेलं.