पहिली मूठ

मोनिकाच्या लग्नाची हळद दळायला बायका जमल्या. जात्याला हळकुंड बांधून झालं, कुंकू लावून झालं, पण पहिली ओवी काही येईना. शेवगावाकडच्या त्या गावात पहिली ओवी भीमाआत्याची, आणि ती सृष्टीच्या जन्माची:

पहिली माझी ओवी, न्हवतं आभाळ, न्हवती भुई
देवानं दळलं पीठ, त्याच्या चांदन्या ठाई ठाई

पंधरा वर्षांमागं मोनिकाची थोरली बहीण आरती, तेव्हा शाळकरी, सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आत्या, हे खोटं हाय. पुस्तकात तसं न्हाई." बायका खळखळून हसल्या. त्या दिवसापासून भीमाबाई जात्यावर मुकी झाली. आरतीच्या लग्नाला हळद पुडीतली आणली. आता आरती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होती, आणि खुंटा धरून आत्यासमोरच बसली होती.

"वन्सं, म्हना की," पोरींची आई सविता काकुळतीला आली. "मोनिका अडून बसलीय. तुमच्या ओवीबिगर हळद लावून घेत न्हाई म्हनते."

"मास्तरीनबाईला इचार. खोटं गायलं तर मार्क कापंल."

हशा पिकला. आरतीची मान खाली गेली.

"चुकलं माझं, आत्या."

"ते ऱ्हाऊ दे. तुझ्या पुस्तकात काय हाय, ते सांग."

"सगळं एका दान्यात मावंल असं हुतं. त्याहून बारीक. मग फाकत गेलं. अजून फाकतंय."

"आन् दान्याच्या आदी?"

"ते कुनालाच ठावं न्हाई."

"रिकामं जातं कुनी फिरवत न्हाई, बये. पहिली मूठ कुनीतरी घातली असंल की."

"असंल. नसंलबी. आमचं गणित तिथंच थांबतं."

भीमाबाई बघतच राहिली. इतकी वर्षं तिला वाटायचं, पोरीकडं सगळं आहे, आपल्याकडं नुसतं गाणं. आणि ही तर त्याच उंबऱ्याशी येऊन उभी!

तिनं खुंट्याला हात घातला. जातं घुमलं.

पहिली माझी ओवी, एका दान्यात हुती भुई

'देवानं' जिभेवर आलं आणि अडलं. देवाला वगळवेना, पोरीपुढं रेटवेना. जातं रेंगाळलं. तशी आरतीनं कुटलेल्या हळदीची मूठ जात्याच्या तोंडात सोडली आणि ओवी झेलली:

मूठ घातली कुनी, आत्या, मला ठावं न्हाई

"अगंबाई, असली कसली ओवी!" सविता म्हणाली.

"दळा गं," भीमाबाई म्हणाली. "दुसरी माझ्या देवाची. तीबी झेलायची हां, मास्तरीनबाई."

"झेलते."

जात्याच्या चहूअंगानं पिवळं पीठ फाकत चाललं.