माळावरची अंडी

माळावर शेत नाही, कारखाना नाही, म्हणूनच मनस्विनीने तो निवडला होता. मुखेडच्या कापसाच्या शिवारात पिंगळ्यांच्या पिल्लं न निघालेल्या अंड्यांत औषधांचं विष किती उतरलंय, ते ती तपासत होती. तुलनेला एक स्वच्छ जागा हवी होती. बाबांच्या माळाहून स्वच्छ काय असणार? बाबांनी, गावाच्या राघवेंद्र गुरुजींनी, उघड्या बरडावर उभं केलेलं रान ते. ढोलीत पहिले पिंगळे आले, तेव्हा घरात पाळणा हलल्यासारखा त्यांचा फोन आला होता.

निकाल आला तो बाबा गेल्यावर. माळावरची अंडी शिवारातल्यापेक्षा वाईट निघाली. त्यांत बीएचसी होती, कीड मारायची जुनी पावडर, बंदी आलेली, वर्षानुवर्षं न नासणारी. मातीतून किड्यात, किड्यातून पिंगळ्यात.

ती आली कुठून, हे तिला कुणाला विचारायला नको होतं. वाळवी लागू नये म्हणून खड्ड्यात आधी मूठभर पांढरी पावडर, मग रोप, ही बाबांचीच रीत.

आज माळाला गुरुजींचं नाव द्यायला पारावर बैठक बसली होती. माळाखालच्या हापशावर अर्धं गाव पाणी भरत होतं. सांगणं भाग होतं.

"माळाच्या मातीत जुनं विषारी औषध सापडलंय," ती म्हणाली. "तपासणी होईपर्यंत हापशाचं पाणी पिऊ नका."

"कुणी टाकलं ओ, ताई?" सरपंच वैजनाथने विचारलं.

"ते आता कसं कळणार."

तोंडून निघून गेलं.

"न कळायला काय झालं?" गुणाबाई म्हणाली. गुरुजींबरोबर रोपं लावायला तीच असायची. "म्याच टाकलं की. मुठीमुठीनं."

"म्हातारे, पिठल्यात बी तेच टाकती का?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. गुणाबाईने पदर तोंडावर ओढला. गुरुजींचं नाव काही तिने घेतलं नाही.

मनस्विनीचे कान तापले. गप्प राहिलं असतं तर बैठक पुढे सरकली असती.

"पावडर बाबांनी आणली." मागच्यांना ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणावं लागलं. "बंदी आल्यावरही वापरली. गुणामावशीनं ते सांगतील तसं केलं."

हशा थांबला. वैजनाथने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मग नावाचं कसं करायचं?"

"आधी पाणी तपासू. नावाचं तुम्ही ठरवा."

"उगं बोललीस, बाई," गुणाबाई हळूच म्हणाली. "गेलेल्या माणसाला कशाला मधी आणायचं? माझं काय जात होतं?"

मनस्विनी तिच्या शेजारी खाली बसली. मान काही वर होईना.