तार उलटी फिरवू नये

बाबांच्या बोन्साय पिंपळाच्या खोडात तार रुतलेली ज्योत्स्नाला दिसली.

बारा वर्षांचं झाड ते, जेमतेम हातभर उंच, उथळ ट्रेमध्ये बसवलेलं. जूनमध्ये दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या रविवारी बाबांनी त्याला नवी तार गुंडाळली होती आणि फांद्या हव्या तशा वळवल्या होत्या. पंधरवड्यात ऑपरेशन झालं आणि ते गेले. ऑपरेशनच्या कागदावर सही ज्योत्स्नाची होती. आईनं त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही, आणि नेमकी त्या न बोलण्याचीच ज्योत्स्नाला धास्ती वाटायची.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आईनं झाड गच्चीवरून आणून त्यांच्या फोटोशेजारी ठेवलं. बोधिवृक्षच तो, तिथून हलवायला कुणाचं मन धजेना. मेणबत्ती लागायची, वंदना व्हायची, पाणी मिळायचं. ऊन तेवढं मिळत नव्हतं. पानं पिवळी पडली, आणि तारेच्या आत खोड मात्र मुकाट्यानं फुगत राहिलं.

तिनं लातूरला शिवमूर्ती सरांना फोन लावला. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. बाबा बोन्साय शिकले ते त्यांच्याकडे.

"तीन महिने तार तशीच?" सर ओरडलेच. "पिंपळाला पावसाळ्यात दीड महिना लई झाला. उद्याच्या उद्या घिऊन ये."

निघताना आई दारात उभी राहिली. "त्यांनी वळवलंय तसंच परत आण," एवढंच म्हणाली.

नांदेडहून लातूरपर्यंत एसटीत ज्योत्स्नानं ट्रे मांडीवरून खाली ठेवला नाही. "ताई, तुमचं हाफ," कंडक्टर म्हणाला, "पण हे झाड बाईमाणूस हाय का बाप्या, ते सांगा. बाप्या असंल तर फुल लागंल." मागच्या बाया हसल्या. ज्योत्स्नालाही हसू आलं असतं, पण लोह्याच्या पुढं गाडी खड्ड्यात आदळली आणि दोन पानं तिच्या ओंजळीत गळून पडली.

औसा रोडच्या मागच्या गल्लीत सरांचं घर. गच्चीवर वड, उंबर, चिंच, सगळी गुडघ्याएवढी. सर मात्र काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसलेले.

"परवा मोतीबिंदू काढलाय," ते म्हणाले. "डॉक्टरनं खाली वाकायचं न्हाई म्हणून सांगितलंय. आन् दिसतंय सगळं धुरकट. हात तुझे, डोळे तुझे. तोंड तेवढं माझं."

"सर, मला नाही जमणार. मी कधी..."

"मग कोण करणार? आमची कस्तुरा? ती तर मेथी खुडावी तशी खुडून टाकंल."

"ऐकू येतंय मला," जिन्यातून कस्तुराबाई म्हणाल्या.

सरांनी कटर तिच्या हातात दिला. "हे बघ माय. तार उलटी फिरवून काढायची न्हाई. एकेक वेढा तोडायचा, तुकडे खाली पाडायचे. कटरचं तोंड तारेवर सरळ धर, सालीला लागू दिऊ नको. आधी बारीक फांद्या, खोड शेवटाला."

तिनं पहिला वेढा तोडला. टक्. तुकडा फरशीवर पडला. दुसरा. तिसरा. प्रत्येक तुकडा बाबांच्या बोटांनी दिलेल्या बाकाचा होता, आणि ती तो तोडत होती. त्यांच्या हातचं शेवटचं काम ते. उजवीकडची लांब फांदी आली तेव्हा तिला वाटलं, ही एवढी तरी अख्खी काढावी. आईला दाखवता येईल.

सर खाली कस्तुराबाईंना चहाचं सांगायला वळले. ज्योत्स्नानं तारेचं टोक धरलं आणि हलक्या हातानं उलटं फिरवलं. एक वेढा सुटला. दुसराही सुटला. तिसरा सालीत अडकला होता. तिनं जरा जोर दिला.

कट्ट झालं.

फांदी बुंध्याशी चिरली आणि पांढराशुभ्र चीक भळभळ वर आला. ज्योत्स्नानं तार सोडून दिली.

"काय मोडलं?" सरांनी विचारलं.

"काही नाही."

 सरांनी हात पुढं करून अंदाजानं फांदी चाचपली. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, बोटं चिकटली.

"तार पायजे व्हती का तुला?"

तिनं मान हलवली. मग सरांना नीट दिसत नाही हे आठवून म्हणाली, "हो. अख्खी हवी होती."

"निवृत्ती, तुझा बाप, तार सोडवून घरी न्यायचा न्हाई कधी. हितंच डब्यात टाकायचा. म्हणायचा, झाड वळलं की तारेचं काम संपलं." त्यांनी चिकट बोटं पुसली. "आता सांग, किती चिरलंय? थोडं असंल तर बांधू. पार तुटल्यावाणी असंल तर कापून टाक, उगं सडंल. मला दिसंना. तुलाच ठरवावं लागंल."

तुलाच ठरवावं लागंल. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्येही हेच कुणीतरी म्हटलं होतं, आणि तिनं कागदाकडे न बघताच सही केली होती.  पळून जावं, ट्रे इथंच टाकून खाली उतरावं, असं क्षणभर वाटलं.

ती वाकली. ओल्या फडक्यानं चीक टिपला, आणि या वेळी नीट बघितलं. वरची साल फाटली होती, लाकूड अर्ध्याच्या थोडं पुढं चिरलं होतं. खालची साल मात्र अखंड होती, हिरवी होती.

"खालून धरलंय," ती म्हणाली. "बांधते."

"बांध."

तिनं त्या फांदीची उरलेली तार तोडून काढली आणि भिजवलेल्या सुतळीनं फांदी जागेवर दाबून घट्ट बांधली. मग खोडाच्या तारेला हात घातला. तीन वेढे खोल गेले होते. घाम डोळ्यात उतरत होता. टक्. टक्. तिसऱ्याला कटर निसटला आणि सालीला खाच पडली.   तिनं कटर पुन्हा सरळ धरला.

खोडावर तारेच्या वळ्या तशाच राहिल्या, एखाद्याच्या मनगटावर दोरीचे वळ राहावेत तशा.

"जगेल का?"

"मला काय ठावं? तीन हप्ते हितं उन्हात ठिव. घरात मेणबत्तीपुढं ठिवलंस तर मातूर नक्की मरंल."

जिन्यात उतरताना तिनं आईला फोन लावला.  काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर खोटं बोलली असती.

"आई, उजवीकडची फांदी चिरली. माझ्या हातानं. मी बांधलीय, पण जगेल का माहीत नाही. आणि झाड मी आणत नाहीये, इथंच ठेवतेय."

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बघून केलंस ना?" आईनं विचारलं.

"हो. बघून केलं."

"मग ऱ्हाऊ दे तिथं," आई म्हणाली. "अंधार पडायच्या आत ये."